लहानशी सहल आणि घरचा खाऊ

मराठींत प्रवासवर्णनें पुष्कळ आहेत; सहलवर्णनें फार थोडीं. हा भेद वरवर पाहतां अंतराचा वाटतो, पण तो केवळ अंतराचा नाहीं. प्रवासाला निघणारा मनुष्य आपण कांहीं विशेष पाहणार आहों अशा तयारीनें निघतो. सहलीला निघणारा आपल्या माणसांना बरोबर घेऊन ओळखीच्याच वाटेनें जातो आणि दिवेलागणीला घरीं परततो. पहिल्याजवळ सांगण्यासारखें कांहीं तरी असतें, म्हणून तो लिहितो. दुसऱ्याच्या बाबतींत सांगण्यासारखें कांहीं घडलेंच नाहीं अशी आपली समजूत, म्हणून त्यानें लिहावें असें आपल्याला वाटत नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं वाचकाला मी थोडें दूर, फिलिपाईन्सच्या बेटांपर्यंत नेणार आहें. मात्र निघावयाचें आहे तें वसईजवळच्या नायगांवाहून, आणि परत यावयाचें आहे तेंहि नायगांवालाच.

१

इतक्या लांबचें उदाहरण कशाला, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, वसईच्या माणसाला मनिला वाटतें तितकें परकें नाहीं. वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेज्वीट पाद्र्यांबरोबर जपानांत गेला. तेथें त्यानें त्यांच्या हाताखालीं धर्मशिक्षणाचें काम केलें, पुढें कांहीं काळ व्यापार केला, आणि शेवटीं मनिलास जाऊन तो फ्रान्सिस्कन पंथांत बंधु म्हणून दाखल झाला. १५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें जपानकडे जें मंडळ पाठविलें त्याच्याबरोबर तो दुभाष्या म्हणून गेला; आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर देण्यांत आलें. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्याची संतमालिकेंत गणना केली.

ही कथा वसईंत बलिदानाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकानें तिच्यांतील एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावें. गोन्सालोला मनिलाकरांनीं बरोबर नेलें तें त्याला जपानी भाषा चांगली येत होती म्हणून. आणि ती भाषा त्याला आली ती परक्या माणसांत वर्षानुवर्षें वावरल्यामुळें, त्यांच्याशीं शिकवण्याचा नि देण्याघेण्याचा रोजचा संबंध ठेवल्यामुळें. म्हणजे ज्या प्रसंगामुळें त्याचें नांव इतिहासांत राहिलें, त्या प्रसंगाच्या तळाशीं हजारों बिनमहत्त्वाचे दिवस आहेत. इतिहास प्रसंग नोंदतो. ते दिवस नोंदण्याचें काम त्यानें वाङ्मयावर सोपविलेलें असतें.

दुसरें साम्य इतिहासाचें आहे. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. फिलिपाईन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचा अंमल होता. १५८० ते १६४० या साठ वर्षांत तर पोर्तुगाल व स्पेन या दोन्ही देशांचा राजा एकच होता. गोन्सालो मनिलास पोहोंचला तेव्हां त्याची वसई आणि मनिला हीं दोन्ही एकाच राजाच्या छत्राखालीं होतीं. राज्यें गेलीं, पण दोन्हीकडे एक जीवनपद्धति मागें राहिली. मध्यभागीं चर्च, त्याच्याभोंवतीं वर्षाचे सण. आणि या नव्या चौकटीच्या आंत मात्र भात, मासळी आणि नारळ यांचें जुनेंच जीवन. मराठींत शेतांत असतो तो भात किंवा साळ, कांडला कीं तांदूळ आणि शिजला कीं पुन्हा भात. तगालोग भाषेंत याच तीन अवस्थांना पालाय, बिगास आणि कानिन असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. ज्या समाजाच्या भाषेंत तांदुळाचा असा बारकाईनें विचार झालेला असतो, त्याचें मन कोठें वसतें हें निराळें सांगावयास नको.

२

तगालोगमध्यें फिरावयास जाण्याला ‘पासियाल’ म्हणतात. शब्द स्पॅनिशमधून आलेला आहे, पण त्याचा जोडीदार ‘पासालूबोंग’ हा शब्द अस्सल देशी आहे. त्याच्या पोटांत ‘सालूबोंग’, म्हणजे सामोरें जाणें, हा अर्थ आहे. बाहेर गेलेला मनुष्य घरीं येतांना जें कांहीं हातांत घेऊन येतो तें पासालूबोंग. तें मोलाचें असावें लागत नाहीं. तें असावें लागतें, एवढेंच. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरजच नाहीं. आपण त्याला खाऊ म्हणतों. मुलें दारांत धांवत येतात तीं पिशवीकडे पाहत येतात, आणि त्यांत कोणाला वाईट वाटत नाहीं. कारण ‘तूं तिकडे असतांना तुला आमची आठवण झाली होती काय?’ हा प्रश्न ती पिशवीच न बोलतां विचारते आणि तीच त्याचें उत्तर देते.

१६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत फिलिपाईन्समधील लोक पहांटेच्या अंधारांत उठून मिस्सेला जातात. त्या नवदिनीला ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात. मिस्सा आटोपली कीं चर्चच्या बाहेर तांदुळाच्या पिठाचा ‘बिबिंगका’ विकावयास असतो. मातीच्या भांड्यांत केळीचें पान घालून, वर आणि खालीं निखारे ठेवून तो भाजतात. आतां ही यात्रा म्हणावी कीं सहल? भक्ति म्हणावी कीं न्याहारी? माणसें थंडींत एकत्र चालत गेलीं, प्रार्थना करून गरम कांहीं तरी खाऊन परतलीं, आणि घरीं निजलेल्या म्हाताऱ्यासाठीं पानांत थोडें बांधून आणलें. अशा गोष्टींवर तेथें लेखन झालें आहे, आणि त्या लेखनाविषयीं वादहि झाला आहे. तो वाद आपल्या उपयोगाचा आहे.

फिलिपाईन्सचे थोर लेखक निक होआकिन (१९१७–२००४) यांनीं १९६६ सालीं ‘अ हेरिटेज ऑफ स्मॉलनेस’, म्हणजे लहानपणाचा वारसा, या नांवाचा निबंध लिहिला. आपला समाज सर्व कांहीं लहान मापानें करतो, असा त्यांचा आरोप होता. माणसें दुकानांतून एकेक सिगारेट आणि एकेक अंडें विकत घेतात. धंदा करावयाचा तो टोपलीएवढा. वस्ती बांधावयाची ती चार घरांची. आणि मग या लहानपणालाच आपण नाजूकपणा म्हणून भूषण मानतों. मोठें काम अंगावर घेण्याची भीति ही आपल्या इतिहासाची व्याधि आहे, असें त्यांचें म्हणणें. निबंध कडू आहे. ज्याचें आपल्या माणसांवर प्रेम आहे तोच इतकें कडू लिहूं शकतो, हें मान्य करूनहि त्यांतील एक दोष दाखविला पाहिजे. होआकिन यांनीं दोन प्रकारच्या लहानपणांत भेद केला नाहीं. पाकिटांतून काढलेली एक सिगारेट लहान आहे, कारण ती मोठ्यांतून तुटलेली आहे. भाताचा एक दाणाहि लहानच, पण तो कशांतून तुटलेला नाहीं, त्यांत अख्खें रोप आहे. वाङ्मयांतहि सुटें लहान आणि पुरें लहान असे दोन प्रकार असतात. टीकाकाराचें काम लहानाला हंसण्याचें नव्हे. हातांतलें लहान यांपैकीं कोणत्या जातीचें आहे हें ओळखण्याचें आहे.

पुऱ्या लहानाचें उदाहरण त्याच देशांत सांपडतें. डोरीन फर्नांडिस (१९३४–२००२) या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठांत अध्यापिका होत्या. त्यांच्या निबंधांचा ‘टिकिम’ हा संग्रह १९९४ सालीं निघाला. टिकिम म्हणजे चव पाहणें. विषय म्हणाल तर मंडईंतली फेरी, रस्त्यावरचा विक्रेता, सणाचें जेवण, आणि चिंच, बिलिंबी किंवा पेरू घालून केलेलें ‘सिनिगांग’ नांवाचें आंबट कालवण. पण या बाई स्वतःच्या जिभेचें कौतुक सांगत बसत नाहींत. त्या विकणाऱ्याला विचारतात, रांधणाऱ्याला विचारतात. पदार्थाचें नांव कोठून आलें, हा आंबटपणा याच प्रदेशांत कां, सणाच्या पानांत कोणत्या परक्या सत्तेचा अंश उतरला आहे, याचा शोध घेतात. लिहितात इंग्रजींत, पण घरच्या वस्तूचें घरचें नांव बदलीत नाहींत. वाचक निबंध संपवितो तेव्हां त्याच्या हातांत कांहीं तरी आलेलें असतें. बाहेर गेलेली लेखिका रिकाम्या हातानें परतलेली नाहीं.

सहलीच्या लेखनाची कसोटी मला येथें सांपडते. लेखक किती लांब गेला, काय पाहिलें, कसें वाटलें, हे प्रश्न दुय्यम आहेत. घरीं राहिलेल्यांसाठीं त्यानें काय आणलें, हा खरा प्रश्न. अर्थात् ही कसोटीहि तारतम्यानें लावावी लागते. फिलिपाईन्समधून लाखों माणसें परदेशीं कामाला गेलीं. १९७३ मध्यें तेथील सरकारनें मायदेशीं भेटीला येणाऱ्यांसाठीं ‘बालिकबायान’ योजना काढली, आणि हळूहळू हातांतल्या पुडीची जागा भल्यामोठ्या बालिकबायान पेटीनें घेतली. साबण, कपडे आणि डबे यांनीं ठासून भरलेली ती पेटी प्रेमाचीच आहे. पण तिच्यांत वर्षानुवर्षें घरीं नसण्याची भरपाईहि आहे. आपलीं पुष्कळशीं प्रवासवर्णनें मला या पेटीसारखीं वाटतात. माहिती इतकी ठासलेली कीं, ती आणणारा मनुष्य मागें झांकून जातो.

३

आतां ही कसोटी आपल्या लघुनिबंधाला लावून पाहूं. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत हा प्रकार मराठींत रुजविला. त्याचें ऋण मोठें आहे. कोणत्याहि क्षुल्लक विषयावर सुसंस्कृत मनुष्य रसाळपणें बोलूं शकतो, हें या लेखकांनीं दाखवून दिलें, आणि व्याख्यानाच्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या मराठी गद्याला त्यांनीं घरांतल्या खुर्चीवर आणून बसविलें. पण त्या खुर्चीवर माणूस एकटाच बसला, हें कबूल केलें पाहिजे. लघुनिबंधांतला ‘मी’ खिडकींतून पाऊस पाहतो, गर्दींतून चालतो, गाडींत बसतो. आणि शेवटच्या परिच्छेदांत आयुष्याविषयीं एक चमकदार विचार घेऊन घरीं येतो. तो विचार त्याला कोठेंहि सुचला असता. गर्दी, पाऊस आणि गाडी हें निमित्त. आणलेला खाऊ पाहूं जातां त्याचाच तो रंगलेला स्वभाव. प्रकार जुना होऊन थकला याचें कारण त्याचे विषय लहान होते हें नव्हे. त्याचें लहानपण सुटें होतें.

याच काळांत लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध झालीं (१९३४–३६). त्यांत स्वयंपाकघर आहे, बिऱ्हाडें बदलणें आहे, प्रवासांतले गोंधळ आहेत, ख्रिस्ती झालेल्या आणि न झालेल्या नातलगांची ये-जा आहे. लक्ष्मीबाईंना लघुनिबंध लिहावयाचा नव्हता, म्हणूनच कदाचित् त्यांच्या एकेका प्रसंगांत लघुनिबंधाला जें साधलें नाहीं तें साधलें. त्यांचा ‘मी’ नेहमीं चार माणसांत उभा असतो. स्वतःची फजिती सांगतांना त्या बरोबरच्या माणसाचा चेहरा विसरत नाहींत. मराठी ख्रिस्ती घराचें रोजचें जीवन उत्तम वाङ्मय होऊं शकतें, याला दुसरा पुरावा नको.

४

मग वसईंत काय अडलें? वसई पट्ट्यांतील ख्रिस्ती समाज मराठी बोलतो, मराठींत प्रार्थना करतो, मराठींत लिहितो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनीं ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षें चालविलें, बायबल सुबोध मराठींत आणलें, वसईची हिरवाई राखण्याच्या चळवळींत पुढाकार घेतला. आणि २०२० सालीं उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकांनीं कवितेंत व ललित लेखनांत आपली वाट काढली. फादरांच्या आत्मकथनाचें नांव ‘नाही मी एकला’ असें आहे. लघुनिबंधाच्या एकाकी खुर्चीला याहून नेमकें उत्तर मला सुचत नाहीं. हें सारें मान्य करूनहि एक गोष्ट खटकते. वसईच्या लेखणीचा मोठा ओढा दोन दिशांना राहिला आहे: एक पवित्र भूमीकडे, म्हणजे धर्मचिंतनाकडे, दुसरी किल्ल्याकडे, म्हणजे इतिहासाकडे. या दोहोंच्या मधें जी रोजची पायवाट आहे, तिच्यावर लेखणी क्वचित् उतरते.

याचा प्रत्यय मला गेल्या सप्टेंबरांत आला. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा करून परतणाऱ्या आमच्या आळींतल्या एका कुटुंबाबरोबर मी एकाच डब्यांत होतों. सकाळीं त्यांनीं माउलीपुढें मेणाचा एक पाय वाहिला होता, सुनेच्या भावाचा पाय अपघातांत मोडला होता म्हणून. आतां गाडींत म्हाताऱ्या आजींनीं चण्यांच्या आणि मिठाईच्या पुड्या मांडीवर मांडून मोजावयास सुरुवात केली. ही अंथरुणाला खिळलेल्या जावेची, ही दुधवाल्याच्या नातवाची, ही समोरच्या जोशीणबाईंची, त्यांनीं सकाळीं घराची किल्ली ठेवून घेतली म्हणून. भाईंदर सुटलें, गाडी खाडीच्या पुलावर आली, आणि हिशेबांत एक पुडी कमी पडली. आजींनीं पुन्हा मोजलें, पुन्हा कमी. मग त्यांनीं दोन पुड्या सोडून त्यांच्या तीन केल्या आणि पदराच्या कडेचे दोरे काढून त्या बांधल्या. नायगांव आलें. स्वतःसाठीं त्यांनीं कांहींच ठेवलें नव्हतें, आणि तें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं.

त्यांची नात महाविद्यालयांत शिकते आणि बरें लिहिते. आठ दिवसांनीं तिनें एका लहानशा नियतकालिकासाठीं लिहिलेला जत्रेवरचा लेख मला वाचावयास दिला. त्यांत मारियेची महती होती, वांद्र्याच्या चर्चचा इतिहास होता, भाविकांचा महासागर होता. मीं विचारलें, “आणि त्या पुड्या?” ती खरोखरच गोंधळली. म्हणाली, “त्यांत लिहिण्यासारखं काय आहे, सर?”

या मुलीला दोष देणें अन्यायाचें होईल. तिला आम्हीच असें शिकविलें. घरीं ती जी बोली बोलते, तिच्यांत आजीची ती मोजणी जशीच्या तशी बसते; पण कागद पुढें घेतला कीं तिला पुस्तकी मराठींत लिहावेंसें वाटतें, आणि त्या मराठींत महासागराला जागा आहे, पुडीला नाहीं. सामवेदी, वाडवळी, कोळी या बोलींतले खाण्याचे, जाळ्यांचे, वाडीचे, नात्याचे शब्द पुस्तकी भाषेंत मिळत नाहींत, म्हणून ज्या वस्तूंचे ते शब्द आहेत त्या वस्तूच लेखांतून गळतात. डोरीन फर्नांडिस यांनीं परक्या इंग्रजींत आपल्या घरचीं नांवें टिकविलीं. आपल्याला तीं आपल्याच मराठींत टिकवितां येत नाहींत, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि येथें दिरंगाई परवडण्यासारखी नाहीं. नायगांवच्या जेटीवरून होडींत बसलें कीं पाणजू बेट थोडक्याच वेळांत येतें. खाडीच्या मधोमध असलेल्या या बेटावर सुटीच्या दिवशीं जाणें ही आमच्याकडील जुनी सहल. दोन बाजूंना आगगाडीचे पूल, कांठाला तिवरें, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. या भागांतलीं मिठागरें ज्यांनीं राबतीं पाहिलीं, अशीं माणसें अजून आहेत. मिठाच्या वाफ्यांत पाणी केव्हां घ्यावयाचें, मीठ केव्हां ओढावयाचें, हें त्यांना ठाऊक आहे. २००९ मध्यें येथें महानगरपालिका आली, २०१४ मध्यें पालघर जिल्हा झाला, आणि मिठागरांच्या नि शेतांच्या पट्ट्यांत उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या इमारतींत राहावयास आलेल्या माणसांविरुद्ध माझी तक्रार नाहीं. त्यांनाहि घरें हवींत, आणि त्यांचीं मुलें आतां पाणजूच्या होडींत बसतात. तक्रार आहे ती आपल्याविषयीं. वाट बुजण्यापूर्वीं ती कागदावर उतरविणें हें ज्यांना लिहितां येतें त्यांचें काम होतें.

होआकिन आज असते तर म्हणाले असते कीं, पुड्या मोजणाऱ्या आजीवर लिहून कोणताहि समाज मोठा होत नाहीं. त्यांचा हा इशारा मी डोळ्यांआड करीत नाहीं. आजीवर गोड-गोड चार ओळी लिहून थांबणारा लेखक सुटेंच लहान लिहील, आणि तसल्या लेखनाचा आतांच सुकाळ आहे. परंतु त्या तीन बांधलेल्या पुड्यांतून कोणीं जावेच्या अंथरुणापर्यंत, समोरच्या जोशीणबाईंच्या किल्लीपर्यंत, मोडलेल्या पायाच्या मेणापर्यंत नीट चालत गेलें, तर एका गांवांत भिन्न धर्मांचीं माणसें एकमेकांना कशीं धरून राहतात याची संपूर्ण घटना त्याच्या हातीं लागेल. तें लहान राहणार नाहीं. किंवा भाताचा दाणा जितका लहान असतो तितकेंच राहील.

त्या मुलीला मीं लेख परत दिला तेव्हां एकच सुचविलें: महासागर काढून टाक आणि गाडी खाडीच्या पुलावर आली तेथून सुरुवात कर. तिनें अजून लिहिलेलें नाहीं. मात्र परवां ती आजीजवळ वही घेऊन बसलेली दिसली. त्या पुड्यांना बांधलेल्या दोऱ्याला घरच्या बोलींत काय म्हणतात तें विचारीत होती. सहलीहून आलेल्यानें आधीं पिशवी उघडून दाखवावी, वर्णन मागाहून करावें, हा घरोघरचा शिरस्ता आहे. वाङ्मयानेंहि तो पाळावा.